आधी कोण बिघडलं

डायलिसिसच्या बेडवर अण्णांना लावलं की पहिली पंधरा-वीस मिनिटं ते कुणाशी बोलत नाहीत, डोळे मिटून पडतात, मग हळूच एक डोळा उघडून मशीनकडे बघतात आणि म्हणतात, "पंप किती वर ठेवलाय रे?" सत्तर वर्षांचा माणूस, त्यातली तेहेतीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक. त्यामुळे मशीन म्हटलं की ते पेशंट राहत नाहीत. टेक्निशियन पोरगा आधी वैतागायचा, आता तोच स्वतःहून सांगतो, काका आज अडीचशेवर आहे.

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. डाव्या हातावर फिस्टुला आहे, म्हणजे मनगटाजवळ धमनी आणि शीर ऑपरेशन करून एकमेकींना जोडलीये. त्यावर बोट ठेवलं की आत फोन व्हायब्रेटवर असल्यासारखी घरघर लागते. सिस्टर सुई टोचायच्या आधी ती घरघर बघतात, आणि मी घरी रात्री बघतो. अण्णा झोपले की हळूच जाऊन बोट ठेवून येतो. सांगितलं नाहीये त्यांना, पण बहुतेक त्यांना माहितीये.

दोन वर्षांपूर्वी जेवण जाईना, पायावर सूज, तोंडाला कसलीतरी घाण चव येते म्हणायला लागले. आम्हाला वाटलं पित्त. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळत नसली की रक्तात साठणारा कचरा, ९.२ आणि बीपी २१०/१२०. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या. शुगर नाही, मुतखडा नाही, काही नाही. बीपी मात्र होतं, बावन्नाव्या वर्षापासून होतं, आणि त्याची गोळी दोनेक वर्षं घेऊन अण्णांनी बंद केली होती कारण मोजलं तर नॉर्मल आलं. "नॉर्मल आलंय ना, मग कशाला खायची गोळी?" हे वाक्य मी तेव्हा ऐकलं होतं, त्याच खोलीत होतो, मी काही बोललो नाही.

मी अकाउंट्सचा माणूस. माझ्या डोक्यात प्रत्येक खर्चासमोर एक एन्ट्री लागते, कुठल्या खात्यातून गेला. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारलं, बीपीमुळे किडनी गेली का किडनी आधी बिघडली म्हणून बीपी वाढलं? त्यांनी फाईलमधून मान वर केली आणि म्हणाले, "या स्टेजला सांगणं अवघड आहे. अंडं आधी की कोंबडी आधी असं आहे ते." बाहेर आल्यावर मला खरं तर राग आला होता. डॉक्टरवर नाही. मला कुणाच्यातरी नावावर ते टाकायचं होतं आणि खातंच सापडत नव्हतं.

मग रात्री वाचत बसायची सवय लागली. मेडिकलचं शिक्षण शून्य, त्यामुळे अर्ध्या गोष्टी डोक्यावरून जायच्या, पण एक कळलं की हाच प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षं जुना आहे आणि तो विचारणारे लोक माझ्यापेक्षा बरेच हुशार होते.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचा डॉक्टर होता. अंगावर सूज आलेल्या पेशंटची लघवी तो चमच्यात घ्यायचा आणि मेणबत्तीवर धरायचा. त्यात अंड्याच्या पांढऱ्यासारखं काहीतरी गोठलं तर समजायचं की प्रोटीन गळतंय. माणूस मेला की पोट उघडून किडनी बघायची. १८२७ मध्ये त्याने हे लिहून काढलं आणि पुढची शंभरेक वर्षं किडनीच्या आजाराला सरळ ब्राइटचा आजार म्हणायचे. पण मला त्याची पुढची गोष्ट जास्त आवडली. १८३६ मध्ये त्याने शंभर पेशंटची माहिती एकत्र मांडली आणि त्याच्या लक्षात आलं की किडनी खराब झालेल्या खूप जणांचं हृदयही सुजल्यासारखं मोठं झालंय, म्हणजे डावी बाजू जाड झालीये, आणि झडपांत तर काही दोष नाही. मग हृदय एवढं कशाशी झगडत होतं? त्याने अंदाज केला की किडनी बिघडली की रक्तच बदलतं आणि ते लहान नळ्यांतून ढकलायला हृदयाला जोर लावावा लागतो. हे सगळं बीपी मोजायचं मशीन नसताना. दंडाला पट्टा बांधून फुगवायची कल्पना इटलीतल्या रिवा-रोचीची, १८९६ ची, आणि स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकत वरचा-खालचा आकडा काढायचं कोरोत्कोव्हने १९०५ मध्ये दाखवलं. म्हणजे ब्राइटने आकडा न बघता नुसतं हृदयाचं वजन बघून हिशोब लावला होता. ऑडिटमध्ये असे लोक भेटतात कधीकधी, व्हाऊचर नसतं पण गोदामात जाऊन आले की सांगतात, इथे काहीतरी गडबड आहे.

पुढे मशीन आलं, आकडे आले आणि मग गोंधळ वाढला. कारण असे कितीतरी लोक सापडायला लागले ज्यांचं बीपी चढलेलं आहे पण किडनीचा आजार म्हणावा असं काही दिसत नाही. त्याला नाव पडलं इसेन्शियल हायपरटेन्शन. मला वाटायचं इसेन्शियल म्हणजे मूळचं वगैरे असेल, तर नाही, कल्पना अशी होती की म्हातारपणी नळ्या कडक आणि अरुंद होतात, मग त्यातून रक्त पुढे जायला प्रेशर जास्त हवंच, ते गरजेचंच आहे, कमी करू नका. आमच्या गल्लीत आजही लोक म्हणतात, वय अधिक शंभर एवढं बीपी चालतं. ते कुठून आलं ते आत्ता कळलं.

आणि इथे येतो हॅरी गोल्डब्लाट, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

जन्म १८९१, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला, डॉक्टरकी कॅनडात मॅकगिलला, आणि पुढे क्लीव्हलंडमध्ये वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटीत पॅथॉलॉजिस्ट. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे ज्याचा पेशंट बहुतेकदा गेलेला असतो. बीपीने गेलेल्या माणसांच्या किडन्या बघताना त्याला दिसायचं की किडनीत जाणाऱ्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्यात. तेव्हाचा सर्वमान्य हिशोब असा की बीपी आधी, त्याच्या माऱ्याने नळ्या खराब. गोल्डब्लाटला एक गोष्ट खटकली, की काही जणांत बाकी शरीरातल्या नळ्या ठीकठाक आणि किडनीतल्याच खराब. मग त्याने एन्ट्री उलटी करून बघितली. समजा किडनीचं रक्त कमी झालं हे आधी असेल तर?

हे तपासायला त्याने चांदीचा एक बारका क्लॅम्प बनवला, स्क्रूवाला. कुत्र्याच्या किडनीच्या धमनीवर तो बसवायचा आणि स्क्रू फिरवून नळी थोडीशीच चेपायची. पूर्ण बंद केली तर किडनी मरते, त्यातून काही कळत नाही. थोडी चेपायची, हीच सगळी हुशारी. आणि कुत्र्याचं बीपी रोज मोजायचं कसं? मानेतली धमनी कातडीच्या घडीत गुंडाळून जराशी बाहेर आणून ठेवायची, त्याला छोटासा पट्टा बांधायचा. कुत्र्यांचं वाचताना मला बरं वाटलं नाही हे कबूल करतो, आमच्याकडे तेरा वर्षं मोती होता. पण त्याच क्लॅम्पच्या वंशातली गोळी आज माझ्या खिशात आहे, तेव्हा मी कुठल्या तोंडाने बोलू.

एका बाजूची नळी चेपली तर बीपी चढायचं आणि काही दिवसांनी बहुतेक खाली यायचं, दुसरी किडनी सांभाळून घ्यायची. दोन्ही बाजूंच्या चेपल्या की चढायचं ते चढलेलंच राहायचं. जरा जास्त चेपल्या तर बीपीसोबत किडन्याही बंद पडून कुत्रं विषारी रक्ताने मरायचं. किडनीकडे जाणाऱ्या नसा कापून टाकल्या तरी बीपी चढायचंच, म्हणजे निरोप तारेने जात नव्हता, रक्तातूनच काहीतरी जात होतं. १९३४ मध्ये यातला पहिला पेपर छापून आला. त्याआधी प्राण्यात असं टिकून राहणारं बीपी हवं तसं तयार करणं कुणाला धड जमलं नव्हतं.

हे मी अण्णांना सांगितलं. चार तास असतात, बोलायला काय विषय राहतात? क्रिकेट संपतं, भाऊकी संपते. म्हटलं, अण्णा, एका माणसाने कुत्र्याच्या किडनीची पाइप चेपली आणि बीपी वाढलं. मला वाटलं ते म्हणतील, हां, फिल्टर चोक झाला की प्रेशर वाढणारच. मी स्वतः तसंच समजलो होतो. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "नाही. पाइप किडनीच्या आधी चेपली ना? मग किडनीला प्रेशर कमी मिळणार. वाढायचं कारण वेगळं असलं पाहिजे. गव्हर्नर आहे का तिथं?"

मला काही कळेना. मग त्यांनी उजव्या हाताने (डावा हलवायचा नसतो) चादरीवर बोटाने आकृती काढली. बसला एअर ब्रेक असतात. इंजिनाच्या जोरावर कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो. टाकी भरली की कॉम्प्रेसरला थांबवतो तो गव्हर्नर. त्याला टाकीतून एक बारीक पाइप जाते, त्या पाइपमधल्या प्रेशरवरून त्याला कळतं की टाकीत किती हवा आहे. आता ती बारीक पाइपच चोक झाली तर? टाकी भरलेली असते पण गव्हर्नरला वाटतं रिकामी आहे. तो कॉम्प्रेसरला थांबवतच नाही. "टाकी ठणठणीत, कॉम्प्रेसर ठणठणीत, आणि प्रेशर वर वर वर. मग सेफ्टी व्हॉल्व फट्कन उडतो. नवीन पोरं कॉम्प्रेसर खोलून बसायची. मी आधी ती पाइप फुंकून बघायचो."

मी घरी येऊन परत वाचलं आणि शब्दशः तेच आहे. हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभराच्या वर, या दोन मुठीएवढ्या किडन्यांतून जातो. त्यामुळे शरीरात रक्त पुरेसं आहे का याचा अंदाज घ्यायला याहून बरी जागा नाही. किडनीच्या आतल्या बारक्या धमन्यांच्या भिंतीत पेशी असतात, त्यांना ताण कमी लागला की त्यांना वाटतं अख्ख्या शरीराला रक्त कमी पडतंय, आणि त्या रेनिन नावाचं द्रव्य सोडतात. क्लॅम्पने फक्त किडनीपुढचं प्रेशर पाडलं होतं, बाकी शरीर भरलेलं होतं. किडनी खोटं बोलत नव्हती, तिला जेवढं दिसत होतं तेवढ्यावर ती बरोबर वागत होती.

दुसऱ्या डायलिसिसला मी अण्णांना म्हटलं, तुमचं बरोबर आहे. ते म्हणाले, "बरोबर असणारच. पण माणसाला सेफ्टी व्हॉल्व कुठाय?" म्हटलं नाहीये, डोक्यातली शीर फुटते. त्यावर ते हसले, आणि मग अलार्म वाजला कारण हसताना हात हलला.

गंमत म्हणजे रेनिन गोल्डब्लाटच्या आधीच सापडलेलं होतं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये टिगरस्टेड आणि त्याचा विद्यार्थी बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला तर बीपी चढलं, १८९८ मध्ये छापलं, नावसुद्धा दिलं, आणि मग जवळजवळ चाळीस वर्षं ते कागद पडून राहिले. क्लॅम्पनंतर लोकांनी ते झटकून बाहेर काढले. ब्यूनोस आयर्समध्ये हूसाय आणि फासिओलो यांनी अशी चेपलेली किडनी काढून दुसऱ्या कुत्र्याच्या मानेत जोडली तर त्याचंही बीपी चढलं. मग तिथल्या ब्राउन-मेनेंडेझच्या गटाला आणि अमेरिकेत आयर्विन पेजच्या गटाला, एकमेकांना न विचारता, साधारण एकाच वेळी कळलं की रेनिन स्वतः नळ्या आवळत नाही, ते रक्तातल्या दुसऱ्या एका पदार्थातून तिसराच पदार्थ कापून काढतं आणि तो आवळतो. एकाने नाव ठेवलं हायपरटेन्सिन, दुसऱ्याने अँजिओटोनिन. वीसेक वर्षं दोन्ही नावं चालली. शेवटी १९५८ मध्ये दोघांनी मिळून अर्धं-अर्धं नाव घेतलं, अँजिओटेन्सिन. आमच्याकडे दोन भावांत दुकानाच्या पाटीवरून कोर्टकचेऱ्या होतात, इथे बघा. पुढच्याच वर्षी ब्राउन-मेनेंडेझ विमान अपघातात गेला.

पण एवढं छान चाललेलं असताना घाणही झाली, ती सांगितली पाहिजे. गोल्डब्लाटचं वाचून डॉक्टरांनी विचार केला की मग एक किडनी खराब असेल तर ती काढून टाकू, बीपी जाईल. १९३८ च्या सुमारास साडेपाच वर्षांच्या एका मुलात हे खरंच झालं, बिघडलेली किडनी काढली आणि त्याचं बीपी उतरलं. मग सपाटाच लागला. १९५६ मध्ये होमर स्मिथ या किडनीच्याच मोठ्या अभ्यासकाने अशा ऑपरेशन्सचा हिशोब मांडला तर साधारण चारातल्या एकाच पेशंटला फायदा झालेला. बाकीचे एक किडनी देऊन बसले आणि बीपी जिथल्या तिथे. कुत्र्यात क्लॅम्प कुठे बसवलाय ते आपल्याला माहीत असतं, माणसात तो कुठे आहे, आहे का तरी, हे आधी शोधावं लागतं. बहुतेकांत तो असा एका जागी नसतोच.

गोळीची गोष्ट तर सापापासून सुरू होते. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा साप आहे, तो चावला की माणसाचं बीपी एकदम कोसळतं. तिथल्या सर्जिओ फेरेराने १९६५ मध्ये त्या विषातला एक भाग वेगळा काढला आणि तो घेऊन लंडनला जॉन वेनच्या लॅबमध्ये गेला. अँजिओटेन्सिन तयार होताना एक शेवटची पायरी असते, ती मुख्यतः फुप्फुसात होते, आणि हे विष नेमकी ती पायरी अडवतं हे १९६८ मध्ये ज्याने दाखवलं त्याचं नाव बखले. वाय. एस. बखले. रात्री दीड वाजता ते आडनाव बघून मी खुर्चीत सरळ बसलो, बायकोला उठवणार होतो. पुढे न्यू जर्सीत स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओन्डेट्टी यांनी विषासारखंच काम करणारं पण पोटातून घेता येईल असं लहान रसायन बनवलं, कॅप्टोप्रिल, १९८१ पासून अमेरिकेत विकायला आलं. ओन्डेट्टीही मूळचा ब्यूनोस आयर्सचाच. आज गोळ्यांच्या नावात शेवटी प्रिल किंवा सार्टन दिसलं की समजायचं ही या घराण्यातली.

(आपल्याकडचंही एक नाव इथे यायला हवं. मुंबईचे हार्टचे डॉक्टर रुस्तम जाल वकील. सर्पगंधेच्या मुळीने बीपी उतरतं हे त्यांनी पेशंटवर व्यवस्थित तपासून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं आणि १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतलं लास्कर अवॉर्ड मिळालं. तो रस्ता वेगळा, किडनीवरून न जाणारा, पण बाहेर ते कळलं ते मुंबईतून. मी शाळेत सोळा वर्षं काढली, एकानेही हे नाव सांगितलं नाही.)

आता अण्णांच्या गोळीचं. हा भाग वाचताना मी लॅपटॉप दोनदा बंद केला. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. बॉस्टनच्या बॅरी ब्रेनरने १९८० च्या आसपास उंदरांवर काम करून दाखवलं की यातल्या बऱ्याच गेल्या की उरलेल्यांवर लोड येतो, त्या जास्त प्रेशरने गाळायला लागतात, काही काळ रिपोर्ट बरा दिसतो, आणि त्या लोडनेच त्याही एकेक करून मरतात. म्हणजे मूळ कारण काहीही असो, एका टप्प्यानंतर आजार स्वतःच्या पैशावर चालतो. बीपी किडनी खातं आणि किडनी बीपी चढवते, व्याजावर व्याज. १९९३ मध्ये ४०९ डायबेटिक पेशंटमध्ये कॅप्टोप्रिलची चाचणी छापून आली, तर गोळी मिळालेल्यांत मृत्यू, डायलिसिस किंवा ट्रान्सप्लांट यांपैकी काही होण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. कारण ही गोळी नुसतं दंडातलं बीपी उतरवत नाही, गाळणीच्या बाहेर पडायच्या वाटेची नळी सैल करते, त्यामुळे गाळणीच्या आतलं प्रेशर उतरतं.

अण्णांनी बंद केलेली गोळी याच घराण्यातली होती. आईने रिकामी स्ट्रिप डब्यात ठेवली होती, जुन्या लाइट बिलांसोबत. कशाला ठेवली होती विचारलं तर म्हणाली, परत कधी लागली तर नाव असावं.

म्हणजे मला हवं होतं ते खातं सापडलं असं वाटलं. गोळी बंद, चौदा वर्षं, लोड, संपलं. रात्री दोन वाजता मी ते अगदी टॅली केलं. आणि मग लक्षात आलं की हे उलटंही तितकंच टॅली होतं, बावन्नाव्या वर्षी बीपी मुळात चढलं तेच किडनी आधीच कुठेतरी दुखावल्यामुळे असेल, तेव्हा कुणी लघवी तपासली नव्हती, कुणी सोनोग्राफी केली नव्हती. डॉक्टर टाळत नव्हते. आकसलेल्या किडनीत दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्याच दिसतात.

अण्णांना मी गोळीचं सगळं सांगितलं नाही. अर्धंच सांगितलं. ते म्हणाले, "मला माहितीये. डेपोत कितीदा सांगायचो पोरांना, काटा नॉर्मल दाखवतोय म्हणजे सिस्टीम काम करतेय, म्हणून सिस्टीम काढून ठेवायची नसते." आणि तोंड खिडकीकडे केलं. नंतरचे दोन तास काही बोलले नाहीत. मी बर्फाचा खडा दिला, दिवसाला पाणी लिटरभरच आहे त्यांना, खडा चघळला की घशाला बरं वाटतं. घेतला.

मागच्या महिन्यात तिथेच बसल्या बसल्या टेक्निशियन पोराने माझं बीपी घेतलं, टाइमपास म्हणून. १५२/९८. त्याने परत घेतलं. मग दुसऱ्या हातावर घेतलं. मी सेहेचाळीसचा आहे. डॉक्टरांनी आठवडाभर घरी मोजायला लावलं, लोणचं-पापड बंद केलं, सार्टनवाली एक गोळी लिहिली आणि लघवीतलं प्रोटीन तपासायला सांगितलं. लॅबमध्ये प्लास्टिकची डबी हातात दिली, मेणबत्ती वगैरे काही नाही, संध्याकाळी व्हॉट्सअपवर पीडीएफ. तीन आठवड्यांनी बीपी १२६/८०.

शनिवारी अण्णांना मशीनवर लावलं. नेहमीची पंधरा मिनिटं गेली, एक डोळा उघडला.

"तुझा रिपोर्ट काय आला?"

"नॉर्मल आहे अण्णा. बीपीपण नॉर्मल."

"मग गोळी?"

"चालू आहे."

"दाखव."

मी खिशातून स्ट्रिप काढली. त्यांनी चष्मा मागितला, स्ट्रिप उजेडाकडे धरली, आणि रिकामे झालेले खळगे एकेक करून मोजले.